कुळे : थांब्याचे गाव

देवस्थानच्या स्थलांतराचा, जीर्णोद्धाराचा आणि महाजनमंडळाच्या कारभाराचा इतिहास या स्मरणिकेत अधिकारी लेखकांनी लिहिलाच आहे. त्यात भर घालण्याचे धाडस प्रस्तुत लेखकाने करू नये, हेच बरे. परंतु देवस्थानाला जसा इतिहास असतो, तसा देवस्थानाकडे येणाऱ्या वाटेलाही असतो, आणि तो सहसा कोणी लिहीत नाही. आपल्यापैकी ज्या कुटुंबांचे बिऱ्हाड दोन-तीन पिढ्यांपूर्वी बेळगाव, हुबळी, धारवाड, पुणे वा मुंबईस गेले, त्यांच्या वडीलधाऱ्यांना ही वाट सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका लहानशा स्टेशनाने आठवत असे. घाट उतरून गाडी तेथे थांबली की ‘आलो एकदाचे गोव्यात’ असा सुस्कारा डब्यातून निघे. ते स्टेशन म्हणजे कुळे. आपली कुळे आणि हे कुळे यांचा शब्दसाम्यापलीकडे काही संबंध नाही. पण ज्या कुळांना कुलदेवतेच्या पायाशी येण्यासाठी ही वाट तुडवावी लागली, त्यांनी या गावाची विचारपूस करणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

कुळे हे शहर नाही आणि कधी नव्हते. पूर्वी ते सांगे तालुक्यात मोडत असे; २०११ साली धारबांदोडा हा स्वतंत्र तालुका झाल्यापासून ते त्या तालुक्यात आहे. तेथे नगरपालिका नाही, पंचायत आहे. पूर्वेस सह्याद्रीची भिंत, सभोवार घनदाट अरण्य, उत्तरेस चार-पाच किलोमीटरांवर मोले आणि तेथून जाणारा बेळगाव-पणजी हमरस्ता. फोंडा महालातील वा सासष्टीतील गावांप्रमाणे येथे ‘गावकरी’, ‘वांगड’, ‘मान’ यांच्या शतकानुशतकांच्या नोंदी शोधू गेल्यास फारसे हाती लागत नाही. रानात वेळीप, गावडे, धनगर यांच्या वाड्या होत्या. पण आज ज्याला आपण कुळे म्हणतो, ते स्टेशनाभोवती वाढलेले गाव आहे. ते कोणत्याही देवळाने, बाजाराने वा राजवाड्याने वसविलेले नाही. ते एका थांब्याने वसविले. आगगाडीला येथे थांबावेच लागत असे, म्हणून हे गाव झाले. पुढील सारा इतिहास या एका वाक्याचा विस्तार समजावा.

या मुलखात वाटांनी गावे वसविण्याची आणि मोडण्याचीही रीत जुनी आहे. मोल्यापासून काही अंतरावर तांबडी सुर्ल येथे बाराव्या-तेराव्या शतकातील कदंबकालीन महादेवाचे देवालय आहे. बेसाल्ट दगडाचे, आटोपशीर, पण नक्षीकामाने मढलेले ते मंदिर ज्यांनी पाहिले असेल, त्यांच्या मनात एक प्रश्न आला असेल. या निबिड अरण्यात, जेथे आज मोठी वस्ती नाही, तेथे इतके घडीव काम कोणी आणि कशासाठी केले? जाणकारांचे मत असे की, कोकणपट्टीतील बंदरांतून घाटमाथ्याकडे जाणारी वाट तेव्हा याच बाजूने चढत होती. वाट होती म्हणून वर्दळ होती, वर्दळ होती म्हणून देवालयास आश्रय होता. वाट बदलली आणि रानाने सारे पोटात घेतले. देव तेवढा राहिला. महाजनांना यावर अधिक सांगणे न लगे. सोळाव्या शतकात आपली दैवते सासष्टी, तिसवाडीतून नदीपार नेताना मागे राहिलेल्या ओसाड जागांची आठवण आपल्या घराण्यांत अजून जागी आहे.

नंतरच्या काळात घाटाच्या दोन्ही अंगांना जोडणारी मुख्य वाहतूक लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून होत असे. गोव्याचे मीठ आणि नारळ वर जात. वरून धान्य खाली येई. या मिठाचा आणि कुळ्याच्या जन्माचा संबंध अगदी जवळचा आहे.

२६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांमध्ये एक तह झाला. पोर्तुगालतर्फे परराष्ट्रमंत्री आंद्राद कोर्व्हु आणि इंग्लंडतर्फे त्यांचे लिस्बनमधील वकील रॉबर्ट मोरियर यांनी त्यावर सह्या केल्या. तहान्वये गोव्याच्या मिठाच्या उत्पादनावर आणि विक्रीवर ब्रिटिश हिंदुस्थान सरकारचा ताबा आला, अबकारी व्यवस्था इंग्रजी धर्तीवर आणण्याचे ठरले, आणि त्या मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लक्ष रुपये मिळावयाचे होते. मुरगाव बंदरापासून ब्रिटिश हद्दीपर्यंत लोहमार्ग बांधण्याची योजना याच तहातील. लंडनमध्ये त्यासाठी कंपनी स्थापन झाली. तिचे लांबलचक नाव ‘वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे’. यातील ‘गॅरंटीड’ हा शब्द वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. कंपनीच्या भांडवलावरील व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारने दिली होती, आणि मिठापोटी मिळणारे ते चार लक्ष रुपये त्या हमीशी बांधले गेले होते. थोडक्यात, मिठागरांतल्या आगऱ्याचे आणि माडावरच्या रेंदेराचे पोट आवळून घाटात रूळ पडले. तहाविरुद्ध गोव्यात पुष्कळ असंतोष माजला. १८९२ च्या आरंभी तहाची मुदत संपली आणि तो पुढे चालविला गेला नाही. तह गेला, रूळ राहिले, आणि व्याजही राहिले.

काम १८८१ नंतर सुरू झाले. मुरगावपासून सावर्ड्यापर्यंतचा सखल टप्पा १८८७ मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि १८८८ मध्ये गाडी घाट चढून कॅसलरॉकला पोहोचली. एक योगायोग सांगण्याजोगा आहे. देवस्थानांच्या कारभारासाठी पोर्तुगीज सरकारने महाजनकीचा पहिला नियम-कायदा केला तो १८८६ साली. तोच १९३३ साली नव्याने लिहिला गेला. म्हणजे आपले मंडळ कायद्याच्या चौकटीत आले आणि आपल्या देवाकडे येणारी आगगाडी रुळावर आली, या दोन्ही गोष्टी दोन वर्षांच्या अंतराने घडल्या. एकीत महाजनांना निदान काही मत होते. दुसरीत कुळ्याच्या वेळीप-धनगरांना कोणी काही विचारल्याची नोंद असेल, असे वाटत नाही.

घाटातील हा टप्पा पोर्तुगालच्या राजघराण्यावरून ‘ब्रागांझा घाट’ म्हणून ओळखला जातो. कुळे ते कॅसलरॉक हे अंतर सुमारे २६ किलोमीटर. तेवढ्यात गाडी सुमारे पाचशे मीटर उंची गाठते. चढ १ : ३७, म्हणजे सदतीस हात पुढे जाताना एक हात वर. रेल्वेच्या व्यवहारात हा चढ फार तीव्र मानतात. डझनभराहून अधिक बोगदे, खोल दऱ्या, आणि मध्येच दूधसागरच्या धबधब्यासमोरून जाणारा तो दगडी पूल. वाटेत सोनावळी, दूधसागर, करंझोळ ही इवलीशी स्टेशने. जेथे स्टेशनमास्तर, पॉइंट्समन आणि पावसाची सर याखेरीज कोणी नसे, अशी ही ठिकाणे.

एका इंजिनाला हा चढ झेपत नाही. म्हणून वर जाणारी गाडी कुळ्याला थांबते आणि तिच्या मागे जादा इंजिने लागतात. खाली येणाऱ्या गाडीचे ब्रेक घाटात तापलेले असतात. तिलाही येथे दम घ्यावा लागतो. ही झाली निसर्गाने घातलेली अट. राजकारणाने तीवर आणखी एक अट चढविली. कॅसलरॉकला इंग्रजांचे जकातनाके आणि कुळ्याला पोर्तुगीजांची ‘आल्फांदेग’. दोन सरकारे, दोन कायदे, दोन नाणी. उतारूंनी खाली उतरावे, ट्रंका-वळकट्या उघडून दाखवाव्यात, आणि मग पुढे जावे, असा शिरस्ता होता. बंदरासाठी ज्यांनी ही रेल्वे बांधली, त्यांची स्वप्ने फार मोठी होती. दक्षिण महाराष्ट्राचा व बळ्ळारीकडचा कापूस मुरगावातून विलायतेस जाईल, असा त्यांचा हिशेब. तो काही जमला नाही. माल मुंबईकडेच ओढला गेला. १९०२ पासून हा मार्ग चालविण्याचे काम सदर्न मराठा रेल्वेकडे आले आणि १९०८ नंतर ती ‘मद्रास अँड सदर्न मराठा’ झाली. भागधारकांना व्याज मिळत राहिले, पोर्तुगीज तिजोरीला भार होत राहिला. पण या फसलेल्या हिशेबाच्या एका कोपऱ्यात कुळ्याचे मात्र बस्तान बसले. गाडी थांबते म्हणजे माणसे उतरतात. उतरतात म्हणजे त्यांना चहा लागतो, हमाल लागतो, रात्र झाली तर पथारी लागते. इंजिनवाले, फायरमन, गँगमन, नाक्यावरचे शिपाई यांची बिऱ्हाडे आली. त्यांत कानडी, तेलुगू, तमिळ बोलणारे होते, बेळगावकडचे मराठे होते, सासष्टीचे ख्रिस्ती होते. गोव्याच्या अंतर्भागात जेव्हा परगावचा मनुष्य अपूर्वाईचा विषय होता, तेव्हा कुळ्याच्या फलाटावर पाच भाषा ऐकू येत असत.

आमच्या घरात या आल्फांदेगेची एक गोष्ट पिढीजात चालत आली आहे. आजी बेळगावहून जत्रेसाठी येत होती. पावसाळा नुकताच सरत होता. पावसात मुंबईच्या आगबोटी बंद, त्यामुळे आपल्या पुष्कळ कुटुंबांना त्या दिवसांत रेल्वेखेरीज दुसरी वाट नसे. आजीच्या ट्रंकेत श्रीदेवीसाठी घेतलेले कोरे रेशमी पातळ होते. कॅसलरॉक सोडल्यावर धाकट्या वन्संनी सुचविले, “वयनी, तें पातळ आंगावर नेसून घ्या, म्हणजे नाक्यावर कोण विचारचो ना.” डब्यातल्या दोघी-तिघींनी तसे केलेही होते म्हणे. आजीने मान हलविली. नेसलेले पातळ देवीला कसे चालेल? कुळ्याला तिने ट्रंक उघडून दाखविली, सांगितली ती जकात भरली आणि पावती घडी करून पातळाच्या पदरात ठेवली. देवळात ओटी भरताना ती पावतीही खणाबरोबर देवीपुढे गेली. भटजींनी ‘हें कितें?’ म्हणून विचारले, तेव्हा आजीने उत्तर दिले, “तिका कळूंक जाय, कितलें पडलें तें.” ही गोष्ट सांगताना वडील दर वेळी हसत. मला मात्र आता वाटते की, त्या थांब्याचा हिशेब ज्यांनी चुकता केला, त्यांत ती एक होती.

१९५५ साली, सत्याग्रहानंतर, भारत सरकारने गोव्याशी असलेली रेल्वे वाहतूक बंद केली. सरहद्द बंद झाली आणि कुळ्याचा थांबा शेवटच्या थांब्यात बदलला. गाडीला पुढे जाण्याचे कारण उरले नाही. घाटमाथ्यावरच्या महाजन कुटुंबांना त्या सहा वर्षांत जत्रेला येणे किती दुरापास्त झाले होते, हे ज्यांनी सोसले त्यांच्याकडूनच ऐकावे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि सरहद्दच पुसली गेली. आल्फांदेग गेली, पेट्या उघडणे गेले. आनंदाचीच गोष्ट, तिच्याबद्दल कोणी हळहळ करू नये. पण इतिहास लिहिणाऱ्याने हेही नोंदवावे की, कुळ्याच्या दोन थांब्यांपैकी एक त्या दिवशी संपला. उरला तो चढाचा.

१९६२ साली गोव्यात पंचायती आल्या. येथे कुळ्यासारख्या गावाची एक विलक्षण अडचण पुढे येते, आणि ती समजून घेतल्याखेरीज पुढचा भाग कळणार नाही. गावाचा मध्यभाग, म्हणजे स्टेशन, यार्ड, वसाहत आणि रुळांच्या दोन्ही बाजूंची जमीन, हे सारे रेल्वेचे. तेथे पंचायतीचे काही चालत नाही. गावाभोवतीचे रान वनखात्याचे. हे रान १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अभयारण्य झाले आणि १९७८ मध्ये त्यातील १०७ चौरस किलोमीटरांचे राष्ट्रीय उद्यान झाले. दोन्ही मिळून २४० चौरस किलोमीटर. तेथेही पंचायतीचे काही चालत नाही. रेल्वेच्या तारेच्या आणि अभयारण्याच्या हद्दीच्या मधोमध जी चिंचोळी पट्टी उरते, तेवढेच पंचायतीचे राज्य. घराला पडवी वाढवावयाची तरी एका अंगाला एक खाते आणि दुसऱ्या अंगाला दुसरे. उभा जन्म फायलींत घातलेल्या मनुष्याला असे त्रिस्थळी गाव पाहिले की, आधी त्याच्या अर्जांची कीव येते. गावाचा कारभार हुबळीला आणि पणजीला, आणि तेथून दिल्लीला. गावात चहाचे दुकान.

रेल्वेच्या मालकीची नावे तेवढी बदलत राहिली. मुक्तीनंतर दक्षिण रेल्वे, १९६६ पासून दक्षिण मध्य, २००३ पासून हुबळीस मुख्यालय असलेली दक्षिण-पश्चिम. माझ्या पिढीने पाहिली ती मीटरगेज. मुंबईहून यावयाचे तर मिरजेस गाडी बदलावी, रात्रभर बाकावर डुलक्या घ्याव्यात, पहाटे लोंढ्याला चहा, आणि मग खिडकीशी जागेसाठी भांडण. कारण दूधसागर खिडकीतूनच दिसणार. परतीच्या प्रवासात कुळ्याला मागून इंजिन लागे, तेव्हा साऱ्या डब्यांतून एक धक्का जाई, वरच्या फळीवरचे प्रसादाचे नारळ घरंगळत, आणि कोणीतरी म्हणे, “लागलें.” तो धक्का बसला म्हणजे सुटी संपली.

१९९० च्या दशकाच्या मध्यास मीटरगेज रूळ उखडून ब्रॉडगेज घालण्याचे काम झाले. त्या अवधीत घाटातली वाहतूक बंद होती. ती पुन्हा सुरू होते न होते तोच, जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. मुंबईचा गोवेकर रत्नागिरी-सावंतवाडीमार्गे थेट मडगावला उतरू लागला. शंभर वर्षे मुंबईच्या महाजनांना जी वाट होती, ती एका वेळापत्रकाने आडवाट झाली. या बदलाने आपली सोय किती झाली, हे सांगावयास नकोच. आज आपल्या देवळात जत्रेला मुंबईहून जी गर्दी होते ती त्याच गाड्यांची कृपा. पण आपण कुळ्याला थांबेनासे झालो. बेळगाव-हुबळीची मंडळी तेवढी अजून त्या वाटेने येतात, आणि त्यांतीलही पुष्कळ आता मोटारीने.

गाव मात्र खचले नाही. त्याने दुसरा थांबा शोधला. धबधबा दूधसागर स्टेशनावरून जवळ. परंतु रुळांवरून चालत जाण्यास मनाई झाल्यावर पर्यटकांना कुळ्याहून जंगलातील वाटेने जीपगाड्यांतून नेण्याचा व्यवसाय वाढला. २०१३ साली एका गाजलेल्या हिंदी चित्रपटात, ‘चेन्नई एक्स्प्रेस’मध्ये, हा पूल आणि धबधबा दिसला आणि गर्दीला सुमार राहिला नाही. शेकडो जीपगाड्या, त्यांचे मालक, चालक, खानावळी, राहण्याच्या खोल्या. ऑक्टोबरपासून मेअखेरीपर्यंत गाव जागे, पावसात निजलेले. ज्या घरांतील आजोबा गँगमन होते, त्या घरांतील नातू जीप चालवितो. हा व्यवसाय निर्दोष आहे असे नव्हे. जंगलातील ओढ्यांतून गाड्या नेणे, धुरळा, कचरा यांचे प्रश्न आहेतच. पण हा व्यवसाय गावाने आपल्या हाताने उभा केला आहे. कोणा लंडनच्या कंपनीने नव्हे. आणि त्याचा सारा आधार दोनच गोष्टींवर आहे : रान उभे असणे आणि पाहुणा कुळ्याला थांबणे.

मोल्याची कथा याहून वेगळी. बेळगावहून अनमोड घाट उतरणारा रस्ता तेथे गोव्यात शिरतो. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४अ म्हणून त्याची ओळख पुष्कळांना असेल. आता त्याचा क्रमांक ७४८. एकूण लांबी सुमारे १५३ किलोमीटर. गोव्याच्या भाजीचा, दुधाचा, कोंबड्या-अंड्यांचा मोठा भाग या रस्त्याने येतो. बेळगावची भाजी एक दिवस आली नाही तर पणजीच्या बाजारात काय होते, हे गृहिणींना विचारावे. मोल्यालाही नाका होता, ट्रकांची रांग असे, आणि रांगेच्या जीवावर चार दुकाने चालत. २०१७ साली वस्तू व सेवाकर आला, विक्रीकराचे नाके उठले, आणि रांग ओसरली. कुळ्याला १९६१ मध्ये जे झाले, त्याची ही धाकटी आवृत्ती.

अशा या टापूत डिसेंबर २०१९ आणि एप्रिल २०२० मधील बैठकांत राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने तीन कामांना हिरवा कंदील दाखविला. अनमोड ते मोले महामार्गाचे चौपदरीकरण, कॅसलरॉक ते कुळे लोहमार्गाचे दुहेरीकरण, आणि ४०० केव्ही क्षमतेची विजेची वाहिनी. तिन्ही अभयारण्यातून जाणारी. एप्रिलमधील बैठक टाळेबंदीच्या दिवसांत, दूरचित्र-संवादाने झाली. तेव्हा कुळ्याचा मनुष्य सांग्याला जाऊ शकत नव्हता; त्याने दिल्लीला काय सांगावे? लिस्बनचा तह आठवला तर वाचकांनी लेखकास दोष देऊ नये.

या कामांविरुद्ध पुढे जे घडले ते अलीकडचे असल्याने पुष्कळांच्या स्मरणात असेल. विद्यार्थी, शास्त्रज्ञ, वकील, चित्रकार आणि रुळांकाठच्या गावांतील सामान्य माणसे एकत्र आली. १ नोव्हेंबर २०२० च्या मध्यरात्री चांदर येथे रुळांवर हजारो लोक मेणबत्त्या घेऊन बसले. रेल्वेचा युक्तिवाद असा की, एकेरी मार्गावर गाड्या तासन्‌तास खोळंबतात. तो खोटा नव्हे. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की, दुसरा रूळ प्रवाशांसाठी नसून मुरगावला उतरणाऱ्या आणि कर्नाटकातील पोलादाच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या कोळशासाठी आहे. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने नेमलेल्या मध्यवर्ती अधिकार समितीने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल दिला. त्यातील रेल्वेविषयक मुद्दा मला फार मार्मिक वाटला. हा घाट देशातील रेल्वे-जाळ्याचा अत्यंत अकार्यक्षम टप्पा आहे; तेथे दुसरा रूळ टाकला तरी चढ तोच राहणार, जादा इंजिने तीच लागणार, आणि थोड्याशा वाढीव क्षमतेसाठी सह्याद्रीचा नाजूक भाग कापला जाणार, असा त्याचा आशय. ९ मे २०२२ रोजी न्यायालयाने दुहेरीकरणाला दिलेली वन्यजीव मंडळाची मान्यता रद्द केली. सविस्तर अभ्यास करून नवा प्रस्ताव मांडण्याची मुभा मात्र रेल्वेला ठेवली. म्हणजे दार लोटले आहे, कडी घातलेली नाही.

सह्याद्रीनेही या वादात आपले म्हणणे मांडलेच. २३ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीत दूधसागर आणि सोनावळीच्या दरम्यान दरड कोसळून मंगळूर-मुंबई गाडीचे डबे घसरले. कोकणातील पुरामुळे ती गाडी या मार्गाने वळविली होती. ९ ऑगस्ट २०२४ रोजी त्याच घाटात मालगाडीचे डबे घसरले. डोंगर पावसात किती सैल होतो, हे गँगमनच्या घराण्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पावसाळ्यात रूळ तपासत रात्री कंदील घेऊन चालणे, हे त्यांचे काम. त्यांची साक्ष कोणत्याही प्रस्तावाला जोडलेली दिसत नाही.

येथे स्वतःचे मत सांगितल्याखेरीज पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. रस्ता नको, असे मी म्हणत नाही. घाटात रात्री बंद पडलेल्या ट्रकांमागे अडकलेल्या गाडीत आजारी माणूस असला म्हणजे वेळेचे मोल कळते. आणि कुळ्याच्या गरोदर बाईला बांबोळीच्या इस्पितळापर्यंत चांगला रस्ता हवाच. माझी तक्रार रुंदीबद्दल नसून हेतूबद्दल आहे. चौपदरी रस्ता काय, दुहेरी रूळ काय, दोन्हींचा उद्देश एकच : कोणाला येथे थांबावे लागू नये. बंदराच्या आणि कारखान्याच्या दृष्टीने कुळे हा विलंब आहे. कागदावर तो मिनिटांत मोजला जातो. त्या मिनिटांत राहणारी माणसे कोणत्या रकान्यात भरावयाची, याचा नमुना अद्याप कोणत्याही खात्याने छापलेला नाही. गावातही एकमत नाही, हे सांगितले पाहिजे. कोणाला रुंदीकरणात जमिनीचा भाव दिसतो, कोणाला ठेकेदाराकडे मुलाची नोकरी दिसते, कोणाला घराच्या पायरीपर्यंत आलेला आखणीचा दगड दिसतो. तिघेही आपापल्या जागी खरे बोलतात. एका महाजनमंडळात दहा घराण्यांची दहा मते असतात, हे आपण जाणतोच. पण आपल्याकडे निदान सभा बोलावली जाते आणि इतिवृत्त लिहिले जाते.

गेल्या वर्षी हुबळीहून आलेल्या नातेवाइकांना आणावयास म्हणून मी मुद्दाम कुळ्याला गेलो. मडगावला उतरणे त्यांना सोयीचे होते; हट्ट माझा. गाडी उशिरा होती. समोरच्या रुळावर कोळशाची मालगाडी उभी, वाघिणींवर ताडपत्र्या, घाटाकडे तोंड. पलीकडे जीपवाल्या पोरांची पाहुण्यांसाठी हाकाटी चालली होती, दोघे हिंदीतून, एक कानडीतून. फलाटावरच्या एका वृद्ध गृहस्थाने मी न विचारताच सांगितले की, पूर्वी या ठिकाणी पेट्या उघडीत असत. मग मालगाडीच्या मागल्या टोकाला इंजिने येऊन भिडली. डब्यांमागून डब्यांतून तो जुना धक्का खडखडत पुढे गेला, आणि तो गृहस्थ आपल्या पिशवीकडे पाहत स्वतःशीच म्हणाला, “लागलें.”